उपासाचा युरोप

‘आम्ही युरोप केला,’ असं ताईंसमोर कुणी म्हटलं की त्या हातातला कप खाली ठेवायच्या. आता या माणसाचं काही खरं नाही, हे आम्हां जुन्या लोकांना लगेच कळायचं. ‘केला म्हणजे? युरोप म्हणजे काय पोळ्या आहेत, सकाळी उठून करून टाकायला?’ समोरचा बिचारा हसून वेळ मारून न्यायला बघायचा. ‘तसं नव्हे ताई, पण सात देश कव्हर झाले बघा.’ कव्हर हा शब्द कानावर पडला की मात्र संपलंच. मग त्या माणसाला रोममध्ये शुक्रवारी काय शिजतं, ते का शिजतं, आणि कधीपासून शिजतं, हे सगळं ऐकून घ्यावं लागे. पळून जायची सोय नसे, कारण हे बहुतेक वेळा त्यांच्याच सिंगापूरमधल्या, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये घडे आणि दाराजवळच्या खुर्चीत त्या स्वतः बसलेल्या असत.

त्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. मी नुकतीच पुण्याहून आले होते, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम, एम्प्लॉयमेंट पास अजून कोरा करकरीत. खोली दाखवायच्या आधी ताईंनी मला दिवाणखान्यातल्या एका चित्रासमोर बसवलं. जुन्या डच चित्राची प्रत होती. टेबल, पाव, चीजचा तुकडा, अर्धवट सोललेलं लिंबू. ‘चहा होईपर्यंत बघ, आणि यात काय नाही ते सांग,’ असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. बँकेच्या मुलाखतीला मी घाबरले नव्हते, त्या लिंबाला घाबरले. चहा आला तेव्हा चाचरत म्हटलं, ‘यात मांस नाहीये.’

‘खोली तुझी,’ ताई म्हणाल्या. ‘घरात मासे-मटण नाही. आणि सकाळचा चहा चित्रासमोर बसून घ्यायचा. चित्र महिन्याला बदलतं, उगाच तेच तेच बघून कंटाळले म्हणायचं नाही.’

त्या उंच होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, अंगात सुती कुर्ता, पायात बारा महिने जाड तळाचे बूट आणि खांद्यावर घडीचं स्टूल. हे स्टूल म्युझियमसाठी घेतलेलं. युरोपात गेल्या की त्या दिवसाला एकच चित्र किंवा एकच चर्च बघायच्या आणि त्यासमोर स्टूल मांडून तासन्‌तास बसायच्या. पण सवयच लागली म्हणताना ते भाजीबाजारातही सोबत यायचं. कोथिंबीर निवडून होईपर्यंत बाई बाजारात स्टुलावर! आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत खेळणारी पोरं त्यांना ‘स्टूल आंटी’ म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं.

लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, ‘ठरत आलं होतं, पण मध्ये लेंट आला.’ लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास. ताईंच्या आयुष्यात सगळं एकतर लेंटच्या आधी घडलेलं असे, नाहीतर नंतर. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन कॅलेंडरं होती. एक आपलं मराठी, तिथी-वारांचं. दुसरं ग्रीक चर्चचं, ज्यात उपासाचे दिवस वेगळ्या रंगात. एखादी एकादशी आणि ग्रीकांचा उपास एकाच दिवशी आला की त्यांना लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी वरईचे तांदूळ आणि ऑलिव्ह एकाच ताटात. मी खाल्लेत, वाईट लागत नाहीत.

त्यांचा सिद्धान्त असा होता. ‘माणसं काय खातात ते कुठलाही गाइड सांगेल. काय खात नाहीत ते विचार. का खात नाहीत ते विचार. त्यातून त्यांचा देव कळतो, राजा कळतो, भांडणं कळतात.’ मग त्या फ्रान्समधल्या एका कॅथीड्रलचं सांगायच्या, ज्याचा अख्खा मनोरा म्हणे लोण्यावर उभा आहे. उपासाच्या दिवसांत लोणी खायला परवानगी हवी तर चर्चला देणगी द्या, आणि त्या देणग्यांतून मनोरा. ‘बघ, माणसाला लोणी सुटत नाही, म्हणून जगात एक मनोरा वाढला!’ इटलीतल्या मठांबद्दल सांगायच्या, की तिथल्या जेवणघराच्या भिंतीवर जेवणाचंच चित्र काढलेलं असतं. भिंतीवरचे जेवतायत आणि खाली बसलेले संन्यासी उपाशी. हे सांगताना त्या इतक्या खूश व्हायच्या, की जणू ते चित्र स्वतःच काढून आल्यात.

आणि हे फक्त युरोपापुरतं नव्हतं. आमच्या फ्लॅटजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चिनी बौद्ध लोकांचा एक शाकाहारी स्टॉल होता. कांदा नाही, लसूण नाही. एरवी तिथे चार माणसं असायची, आणि कधीकधी अचानक ही मोठी रांग. ‘आज काय असेल?’ ताई मला विचारायच्या. मला काय माहीत? ‘अगं, अमावास्या संपली. चिनी महिन्याचा पहिला दिवस. आज अर्धं तोआ पायोह शाकाहारी!’ त्या रांगेत आपल्यासाठीच कुणी समारंभ ठेवल्यासारख्या त्या उभ्या राहायच्या.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलंय आणि दर वेळी मी नव्याने ऐकलंय. ताई एका कंपनीत जहाजवाहतुकीचं सॉफ्टवेअर करायच्या. ग्रीक लोक जहाजांच्या धंद्यात मोठे, म्हणून कंपनीने त्यांना अथेन्सला धाडलं. यांनी बॅगभर खाकरे, पोहे, मेतकूट नेलं आणि नेमकी तीच बॅग विमानतळावर हरवली. सोमवारी ऑफिसला सुट्टी. एक ग्रीक सहकारी घरच्यांबरोबर टेकडीवर निघाली होती, ती यांनाही घेऊन गेली. बघतात तो टेकडीवर सगळं शहर पतंग उडवतंय. खाली चादर अंथरलेली, तिच्यावर तीळ लावलेला चपटा पाव, ऑलिव्ह, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि तिळाचा हलवा. ‘तीळ आणि पतंग! मला वाटलं, माझ्या मागून संक्रांतच विमानात चढली.’ सहकारिणीने सांगितलं, मोठ्या उपासाचा आज पहिला दिवस. आता ईस्टरपर्यंत मांस नाही, मासे नाहीत, दूध नाही, अंडं नाही. ‘उपासाच्या पहिल्या दिवशी पतंग उडवणारे लोक गं! आपण नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपतो.’

त्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला काय ठेवलं होतं, तिकडे मात्र ताईंनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आपल्या लोकांना युरोप दाखवायचा तो उपासाच्या दिवसांतच. शाकाहारी मराठी माणूस युरोपात निघाला की अर्धी बॅग ठेपल्यांची आणि रोज संध्याकाळी ‘इंडियन रेस्टॉरंट कुठंय?’ हा प्रश्न. ताईंच्या सहलीत ठेपले बंद. जिथे जायचं तिथल्या लोकांचा उपास आपण धरायचा, त्यांच्याबरोबर जेवायचं. पहिल्याच वर्षी सिंगापूरच्या हौगांग-पुंगोल भागांतली मराठी मंडळी मिळून एक छोटी बस भरली. ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावी, समुद्राकाठच्या खानावळीत ताईंनी उभं राहून जाहीर केलं, ‘इथे डोळे मिटून खा. पाटीवर उपासाचं लिहिलंय.’ मालकाने हसत हसत एकेक ताट आणलं. चणे आले, पालेभाजी आली, आणि मध्यभागी, आकडे वळलेला, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस आला.

ग्रीकांच्या उपासाला तो चालतो. त्याला रक्त नसतं, असा हिशेब. हे ताईंना तेव्हा तिथे, मालकाकडून कळलं.

हौगांगच्या एक काकू होत्या, कडक सोवळ्याच्या. त्या खुर्ची मागे ढकलून उभ्याच राहिल्या. ‘अहो, हा बघतोय माझ्याकडे!’ एवढ्यात पुंगोलच्या जोडप्याची पाच वर्षांची मुलगी, जिच्याकडे या गोंधळात कुणाचं लक्ष नव्हतं, तोंड पुसत म्हणाली, ‘मम्मा, धिस वन व्हेरी नाइस लाह. कॅन हॅव सम मोअर?’

पुढची सगळी सहल लोकांनी वेफर्सवर काढली. परत आल्यावर इथल्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ताईंना नवं नाव मिळालं, ‘ऑक्टोपसताई’. त्या सगळ्यांसमोर हसल्या. पण त्या महिन्यात भिंतीवरचं चित्र बदललं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘मी शब्द शिकले आणि ताट बघितलं नाही. चूक माझी.’ मग एका ग्रीक कॅप्टनच्या बायकोला गाठून, दर शनिवारी तिच्याकडे जाऊन भाषा शिकायला लागल्या. काही महिन्यांनी त्या कुठल्याही ग्रीक स्वयंपाकघरात उभं राहून पातेल्यात काय आहे, काल काय होतं आणि पळी कुठली वापरली, एवढं विचारू शकत होत्या.

पण विचारून उपयोग काय? पुढच्या वर्षी एकानेही नाव दिलं नाही. ‘यंदा गाडी भरली नाही तर हे सगळं बंद,’ ताई एकदा स्टुलाचा स्क्रू घट्ट करता करता म्हणाल्या. ‘एकटीने बघून झालंय माझं. दाखवायचं राहिलंय.’ मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

त्याच सुमारास माझी आई सिंगापूरला आली. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आई पुण्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होती. बाहेरचं खाणं तिला कधीच फारसं चालत नसे, आणि बाबा गेल्यापासून तर तिने नियमच केला होता. दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. हॉकर सेंटरला आमच्यासोबत यायची ती घरच्या पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. ताईंनी मोठ्या उत्साहाने बौद्ध स्टॉल दाखवला, तर आईची नजर सोयाबीनच्या खोट्या माशावर गेली. ‘मासा खायचा नाही ना? मग माशाचं सोंग कशाला?’ ताईंनी वाकून तो मासा पुन्हा नीट बघितला.

दोघींची खरी गाठ पडली ती मात्र आमच्या दिवाणखान्यात. ताईंनी विचारलं, ‘बाई, कॉन्स्टँटिनोपल शिकवायच्या ना तुम्ही?’

आईने एका दमात म्हणून दाखवलं. ‘इसवी सन चौदाशे त्रेपन्नमध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गाच्या शोधाला लागले. दोन मार्कांना येतं.’

‘आणि त्या शहरातली माणसं? त्यांचं पुढे काय झालं?’

‘ती अभ्यासक्रमात नव्हती.’

‘म्हणजे तीस वर्षं तुम्ही ते शहर एका वाक्यात पाडलंत,’ ताई म्हणाल्या. ‘हे ग्रीक म्हणजे तीच माणसं, बाई. त्यांचीच प्रार्थना, त्यांचाच उपास, अजून चालू आहे. एकदा त्यांच्या घरी जेवायला तरी चला.’

मला वाटलं, आता आईचा आवाज चढणार. पण आईने उठून कप विसळले, पालथे घातले, आणि हात पुसत म्हणाली, ‘येईन. जेवणार नाही.’

ही बातमी हौगांगला पोचायला वेळ लागला नाही. बाई निघाल्यात? ज्या बाहेरचा चहासुद्धा घेत नाहीत त्या? लोक धडाधड नावं द्यायला लागले. निम्मे युरोपसाठी आणि निम्मे गंमत बघायला. ऑक्टोपसवाल्या काकू स्वतः फ्लॅटवर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘ताई, बाई जेवल्या तर पुढच्या वर्षी आमची अख्खी बिल्डिंग तुमच्या गाडीत. नाही जेवल्या, तर मात्र तुम्ही घरी बसून चित्रंच बघा.’

‘कबूल,’ ताई म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, जरा विचार करा. पण त्या केव्हाच नकाशा उलगडून बसल्या होत्या.

ग्रीसमध्ये आई बदलून गेली. जुन्या चर्चमध्ये शिरली की वर घुमटाकडे बघत उभी राहायची, मान दुखेपर्यंत. सोनेरी मोझेकमधल्या प्रत्येक संताचं नाव, काळ, राजा, सगळं विचारायची. ताईंना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. चित्रासमोर स्टूल त्या आता आईला द्यायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. जेवणाच्या वेळी ताई आधी स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघत, वास घेत, खात्री झाली की आम्हांला हाक मारत. टोमॅटोतला मोठ्ठा घेवडा, पालक घातलेला भात, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेले तांदूळ. काकू तर हलव्याची दुसरी वडी मागायला लागल्या. आणि टेबलाच्या टोकाला आई शांतपणे संत्रं सोलत बसायची. संत्री, खजूर, बदाम. रोज तेच.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की संत्र्याची सालं दोन ताटल्यांत पडतायत. ‘ताई, तुम्ही का जेवत नाही?’

‘पाहुणा उपाशी असताना वाढणाऱ्याने जेवायचं नसतं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याकडे तशीच रीत आहे.’

‘अहो, पण ती ऐकणारी नाही! मी ओळखते तिला.’

‘मग मीही नाही,’ असं म्हणून त्यांनी पुढचं संत्रं उचललं. आता दोन हट्टी बायका आणि एक संत्र्यांची पिशवी, यांच्यामध्ये मी अडकले. ताईंचा आवाज उतरला, व्याख्यानं तोकडी झाली. एकदा तर त्या स्टूल गाडीतच विसरल्या. काकूंनी ते पाहिलं आणि आणून दिलं. मला तेव्हा ताईंची काळजी वाटायला लागली, आणि आईचा रागही आला.

मंगळवारी आम्ही डोंगरातल्या एका लहानशा मठात पोचलो. सगळ्या नन, बहुतेक म्हाताऱ्या. ताईंनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघर दाखवायची विनंती केली. स्वयंपाक सांभाळणारी सिस्टर मेलबर्नला वाढलेली होती, त्यामुळे इंग्रजी फर्डं. ती हसून नाही म्हणाली. ‘बाहेरच्यांना आमच्या स्वयंपाकघरात येता येत नाही. आम्हीही बाहेरून आलेलं शिजवलेलं काही खात नाही. असा नियम आहे.’

अंगणातल्या बाकावर संत्रं सोलणारा आईचा हात थांबला. ‘काय म्हणाली ती? बाहेरचं खात नाहीत?’

ताई आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की सिस्टर दचकली. ‘अहो, किती मूर्ख मी! इतके दिवस ताट घेऊन तुमच्या मागे लागले. तुम्हाला ताट नको, बाई, तुम्हाला शिधा द्यायला हवा होता!’

खरंच की! जो दुसऱ्याच्या हातचं खात नाही, त्याला आपल्याकडे कच्चा शिधा देतात. डाळ घ्या, तांदूळ घ्या, चूल घ्या, तुमचं तुम्ही शिजवून घ्या. पाहुणाही उपाशी राहत नाही आणि त्याचा नियमही राहतो. आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. ताईंनी ग्रीक आणि इंग्रजी मिसळून, हातवारे करत, हे सगळं सिस्टरला समजावलं. ती आत गेली आणि मठाच्या मुख्य मदरला घेऊन आली. काठी टेकत आलेली, आईच्या खांद्याएवढी एक म्हातारी. तिने एकच विचारलं, या का जेवत नाहीत?

आईने स्वतःच उत्तर दिलं, शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. ‘माझे मिस्टर गेले. तेव्हापासून नियम आहे.’ मदरने आपल्या काळ्या, शोकाच्या झग्याची बाही चिमटीत धरून दाखवली आणि मान हलवली. मग पाहुण्यांच्या खोल्यांकडच्या छोट्या स्वयंपाकघराची किल्ली सिस्टरच्या हातात दिली.

शिधा आला. भिजवलेले चणे, तीळ, जिरं, लिंबं, मीठ. आईने पदर खोचला आणि तेल मागितलं. सिस्टर म्हणाली, ‘तेल नाही. मोठ्या उपासात आठवड्याच्या दिवसांत आम्ही तेलही खात नाही.’

‘तेल नाही? मग फोडणी कशाची?’ आई माझ्याकडे वळली, जणू तेल मीच लपवलंय. ताई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मला वाटलं आता त्या स्टुलासकट खाली बसणार. आईने तवा ठेवला. तीळ कोरडेच भाजले, जिरं भाजलं, खलात जाडसर कुटलं, उकडलेल्या चण्यांवर घालून वर लिंबू पिळलं. वास सुटला तशी सिस्टर बाह्या सरसावून जवळ आली.

‘खरं म्हणजे आज मंगळवार,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी आम्ही नवीन काही सुरू करत नाही. शहर मंगळवारी पडलं.’

‘कुठलं शहर?’

‘शहर एकच आहे,’ सिस्टर म्हणाली. ‘माझी आजी मेलबर्नमध्येसुद्धा मंगळवारी नवं कापड कापायची नाही.’

आईची पळी हवेतच राहिली. ‘तीस वर्षं मी कॉन्स्टँटिनोपलचा सन शिकवला गं,’ ती मला म्हणाली. ‘वार मला माहीत नव्हता.’ तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. मग सिस्टरला म्हणाली, ‘ही उसळ जुनीच आहे आमची. आज चालेल.’

आईला थोडकं शिजवता येतच नाही. पातेलंभर झालं. ‘एवढं कोण खाणार?’ मी म्हटलं. आईने पातेलं सिस्टरच्या हातात दिलं. ‘त्यांनी शिधा दिला, त्यांना विचार.’ सिस्टर ते मदरकडे घेऊन गेली आणि बराच वेळ आलीच नाही. ताई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी सिस्टर आली ती धावतच. आज आम्ही सगळ्यांनी मठाच्या जेवणघरात बसायचं होतं, आणि ते पातेलं तिथे वाढायचं होतं.

आत जायच्या आधी तिने नियम सांगितला. जेवताना कुणी बोलायचं नाही. एक नन संताचं चरित्र वाचत राहील. मदरने घंटा वाजवली की ज्याच्या त्याच्या हातातला चमचा खाली, ताटात काही उरलेलं असलं तरी.

लांबट खोली, लाकडी टेबलं, भिंतीवर धुरकटलेले संत. प्रत्येकासमोर दोन वाडगे होते. एकात आईची उसळ, दुसऱ्यात त्यांचं तिळाच्या पिठाचं सूप, आणि शेजारी पाव. वाचन सुरू झालं. मदरने उसळीचा चमचा तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि पुन्हा चमचा भरला. मग एकेक करून सगळ्या नन खायला लागल्या. बाहेरचं न खाणाऱ्या त्या बायका, माझ्या आईच्या हातचं! आमच्यातलं मात्र कुणीच जेवत नव्हतं. काकूंचा चमचा हातातच. ताईंचे दोन्ही हात टेबलावर, घट्ट धरलेले.

आईने आपली उसळ बाजूला सारली, सूपचा वाडगा पुढे ओढला आणि हात जोडले. ‘त्या त्यांचा नियम सोडून माझं खातायत, आणि मी आपला धरून बसू?’ असं तिने मला नंतर सांगितलं. तिथे तिने सूपचा एक चमचा घेतला. मग दुसरा. मग पाव मोडला, सूपमध्ये बुडवला.

माझी आई फार हळू जेवते. ताई सोडून आम्ही सगळे तुटून पडलो, आमचे वाडगे रिकामे झाले, नन चमचे ठेवून बसल्या, तरी आईचं अर्ध्यावरच. मदरने घंटेला हात घातला.  मदरने आईकडे पाहिलं, घंटा उचलली, आणि तशीच हातात धरून ठेवली, आतला लोलक बोटाने दाबून. वाचणाऱ्या ननने पान उलटलं. संताचं चरित्र संपलं असावं, कारण तिने दुसरं सुरू केलं. सबंध खोली एका पुण्याच्या बाईचं जेवण होण्याची वाट बघत बसली होती. काकूंनी डोळ्यांना ओढणी लावली. आईने पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला, तो तोंडात घातला आणि सावकाश गिळला.

‘जेवल्या!’ ताई उभं राहून ओरडल्या. ‘जेवल्या हो, बाई जेवल्या!’ वाचणारी नन थांबली. भिंतीवरच्या संतांनाही ऐकू गेलं असेल इतका तो आवाज होता. ताई रडत होत्या, हसत होत्या, आणि दोन्ही हात वर केले होते.

‘ताई, हळू,’ आई म्हणाली. ‘त्यांचं वाचन चाललंय. आणि बसा आधी. तुमचं सूप गार होतंय.’

ताई खाली बसल्या आणि त्यांनी चमचा उचलला. मदरने हसत हसत घंटा पुन्हा खाली ठेवून दिली.